आश्रयदाता पाहिजे

आमच्या वाचनालयाची घटना स्वातंत्र्याच्या आधी गावातल्या एका वकिलांनी लिहिली. माणूस हुशार असणार, कारण पुढच्या सगळ्या भांडणांची सोय त्यांनी कलमवार करून ठेवली आहे. फक्त महागाई ही चीज त्यांच्या हिशेबात नव्हती. कलम चार म्हणतं : एकरकमी १०१ रुपये देईल तो आश्रयदाता, ५१ देईल तो हितचिंतक, २५ देईल तो आजीव सभासद. आश्रयदात्याचं नाव संगमरवरी पाटीवर कोरावं, सभेत त्याला पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी आणि एका वेळी चार पुस्तकं शिपायामार्फत घरपोच पाठवावीत. हे कलम काचेच्या चौकटीत घालून देवघेवीच्या टेबलामागे टांगलेलं आहे. ते बदलायचा ठराव अधूनमधून होतो. पण त्यासाठी मागच्या कार्यकारिणीच्या सह्या लागतात, आणि आमची कुठलीही कार्यकारिणी भांडल्याशिवाय मागची होत नाही. त्यामुळे कायद्यानं बघाल तर दोन प्लेट मिसळीच्या पैशांत आमच्याकडे आजही आश्रयदाता होता येतं. गावात हे फारसं कुणाला ठाऊक नाही. चौकट समोरच आहे, पण वाचनालयात येणारी माणसं भिंतीवरचं वाचत नाहीत.

मी या संस्थेचा कार्यवाह. वार्षिक सभा चालू असताना मी हात धुवायला बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

त्या पावसाळ्यात वरच्या मजल्याचं छप्पर गळायला लागलं. गळतीलाही अभिरुची असावी. ललित वाङ्मयाची कपाटं कोरडी राहिली आणि इतिहास तेवढा भिजला. बखरी आम्ही गॅलरीत दोरीवर वाळत घातल्या. गवंड्यानं छपराचा अंदाज सांगितला पाच लाख. राज्याचं अनुदान १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं मिळतं, ते पगार आणि पुस्तकं यांत संपतं. काही पुस्तकं कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून येतात, पण छपराचे पत्रे काही कुठली योजना टपालानं पाठवत नाही.

या राममोहन रॉयांचं 'राजा'पण कुठून आलं, हे मी तेव्हाच शोधून काढलं. ते कुठल्या संस्थानाचे राजे नव्हते. दिल्लीचे बादशहा दुसरे अकबरशहा इंग्रजांच्या पेन्शनीवर दिवस काढत होते आणि पेन्शन त्यांना पुरत नव्हती. ती वाढवून मागायला विलायतेत वकील पाठवायचा, तर त्याला द्यायला बादशहांकडे पदवीखेरीज काय असणार? म्हणून राममोहन 'राजा' झाले, १८३० मध्ये बोटीत बसले आणि १८३३ साली तिकडेच ब्रिस्टलला वारले. मला ही हकीकत फार उत्साहवर्धक वाटली. आश्रय द्यायला हातात पैसा असावा लागतो अशी माझी समजूत होती, ती गेली. आमच्याकडेही पैसा नव्हता. पाट्या, खुर्च्या आणि बिरुदं मात्र घटनेनंच दिलेली होती.

आधी मी लोकाश्रयावर भिस्त ठेवली. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना काढला. त्याच धर्तीवर मी एसटी स्टँडवर काचेची दानपेटी ठेवली. तळेगावला पैशातून काच निघाली. आमच्याकडे काचेतून पैसे निघायचे होते. पेटी उघडली तेव्हा आत थोडी चिल्लर, कुणाचं तरी गुडघेदुखीच्या तेलाचं कार्ड, एक फाटकी दहाची नोट आणि 'बोअरवेल मारून मिळेल' अशी चिठ्ठी होती. पेटीची काचही तडकलेली. काचेचा खर्च वजा जाता लोकाश्रय उणे निघाला, आणि खजिनदारांनी तो तसाच वहीत लिहिला.

मग वस्तुरूप आश्रयाचा काळ आला. एका निवृत्त साहेबांनी 'माझा सगळा ग्रंथसंग्रह तुम्हाला' असं सांगितलं म्हणून आम्ही टेम्पो नेला, आणि मुलांची दहावी-बारावीची गाइडं, जुनी पंचांगं व एका खत कंपनीच्या डायऱ्या घेऊन परत आलो. टेम्पोचं भाडं संस्थेनं दिलं, साहेबांचा फोटो पेपरात आला. एका डॉक्टरांनी वजनकाटा दिला. वाचनालयात वजनकाटा कशाला, असं विचारायची सोय नव्हती; देणाऱ्याला विचारायचं नसतं. त्यावर हल्ली पेपर वाचायला येणारे पेन्शनर रोज उभे राहतात. वाचकसंख्या वाढली हे खरं आहे.

लोकांनी हात टेकले तेव्हा एकच मोठा मासा धरायचा, असं कार्यकारिणीत ठरलं. विनंतीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेलं, त्यामुळे अर्ज एका पानात मावतो हे मला कधी पटलेलं नाही. सोळा पानी पत्रक झालं. नाव : 'आश्रयाची थोर परंपरा'.

सुरुवात पेशव्यांच्या रमण्यापासून. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी ब्राह्मण गोळा व्हायचे, त्यांना आवारात कोंडून घ्यायचे आणि एकेकाला दारातून सोडताना दक्षिणा हातावर ठेवायची, म्हणजे एकच माणूस दोनदा घेणार नाही. (आमच्या खजिनदारांना ही पद्धत फार आवडली.) १८१८ मध्ये राज्य गेलं, पण दक्षिणा एकदम बंद करायची एल्फिन्स्टनची छाती झाली नाही. त्यातल्या पैशांवर १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे शतकाच्या मध्यावर काही सुधारकांनी अर्ज केला, की यातली थोडी रक्कम मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या. पुण्यात त्यावरून जो गहजब झाला त्यात जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले, आणि अखेर दक्षिणा प्राइज सुरू झालं. मी लिहिलं : 'मराठी ग्रंथाला सरकारी आश्रय मिळाला तो हा असा, पंगतीतून शिल्लक राहिलेल्या रकमेतून.' अध्यक्षांनी समासात शेरा मारला, 'जेवणाचा उल्लेख नको, लोक विचारतील कार्यक्रमाला काय आहे.'

नंतर बडोदं. सयाजीरावांच्या दरबारात गवई-बजवय्यांसाठी 'कलावंत कारखाना' नावाचं रीतसर खातं होतं. दरबारात हत्तींचा कारखाना तसा हा ख्यालाचा. त्याचे छापील नियमही होते. सम उशिरा आली तर पगार कापत का, ते नियमात नसावं. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे काही काळ होते. त्यांनी दरबारचा आश्रय सोडला तेव्हा सरदार मान्यांची कन्या ताराबाई त्यांच्याबरोबर निघाल्या, आणि पुढे हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने असं सगळं गाणं महाराष्ट्राला मिळालं. हिराबाईंनी आडनावात बडोदं ठेवलं हा त्यातला मोठेपणा. हा परिच्छेद मला स्वतःला फार साधल्यासारखा वाटत होता. अध्यक्षांनी तो अख्खा कापला. ज्यांच्याकडे आम्ही जाणार होतो त्यांना दोन मुली आहेत, असं त्यांचं म्हणणं.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं आणि पैलवानांसाठी खासबागेचं मैदान बांधलं. याला मी दोनच ओळी दिल्या, कारण आमच्या भागात शाहू महाराज कुणाला सांगायची गरज पडत नाही. ज्ञानकोशकार केतकरांना मात्र एक पान. त्यांच्यामागे राजा नव्हता. त्यांनी नागपुरात लिमिटेड कंपनी काढली, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे करून दाखवले. आमच्याकडे तो संच पहिल्यापासून आहे. पहिला खंड थोडा हाताळलेला, बाकीचे जसे आले तसे.

पंधराव्या पानावर मी, जागा उरली म्हणून, दोन आयांची गोष्ट घातली. महर्षी कर्वे घरोघर आणे-पैसे मागत संस्था चालवत होते. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज लाखो मुली एसएनडीटी म्हणतात, त्यातली कितव्या अक्षराची बाई कोण हे त्यांना विचारू नये. दुसरे प्रेमचंद रायचंद. अमेरिकेत यादवी झाली, विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि निम्मी मुंबई बुडाली, तीत प्रेमचंदही. पण त्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयावर मनोरा उभा राहिला, तो १८७८ मध्ये पुरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव आहे.

हे बाड घेऊन अध्यक्ष आणि मी आबांकडे गेलो. आबा म्हणजे आमच्याकडचे रस्त्यांचे मोठे कंत्राटदार. खडीच्या क्रशरवर त्यांचं ऑफिस आहे. टेबलावरच्या काचेवर धूळ इतकी, की बोटानं हिशेब लिहून ते हातानंच पुसत होते. पाटी-पेन्सिलचा खर्च नाही. बाहेर डंपर खाली होत होता, त्यामुळे परंपरेची पहिली दहा पानं मी ओरडूनच सांगितली. आबांनी पत्रक उलटीकडून उघडलं. पंधराव्या पानावर बोट थांबलं.

"मास्तर, ते पेशवे-बिशवे ऱ्हाऊ द्या. ही राजाबाई कोण?"

"प्रेमचंद रायचंदांच्या आई."

"टावर अजून हाय?"

"आहे की. जाऊन बघता येतो."

"आन् प्रेमचंद?"

"ते मध्यंतरी... बुडाले," मी प्रामाणिकपणे सांगितलं. अध्यक्षांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"बुडंनात," आबा म्हणाले, "टावर हाय न्हवं!"

मग ते बराच वेळ आईविषयी बोलले. आईनं लई सोसलं, आईनं दुसऱ्याच्या रानात खुरपलं, आई होती म्हणून आम्ही दिसतोय. सगळं भूतकाळात. मीही भूतकाळात हुंकार भरले. मराठी शिकवणाऱ्या माणसाला क्रियापदांचा काळ ऐकायची सवय असते, तीच मला नडली.

पाच लाख कबूल झाले. अटी दोन. वरच्या सभागृहाला आईचं नाव आणि ते अक्षर रस्त्यावरनं दिसलं पाहिजे. आणि आबांचा एक भाचा होता, त्याला 'काहीतरी लावून घ्या'. राजाश्रयातून लोकाश्रयात आलेल्या समाजात वशिला हा मधला जिना आहे, तो आम्हाला पाठ आहे. शिपायाची जागा रिकामीच होती. पैशाचं मात्र आबा म्हणाले, "अडीच आत्ता, अडीच पाटी बघून. रस्त्याचं बी आमचं असंच असतंय. काम बघितल्याबिगर बिल निघत न्हाई." अध्यक्षांनी खाली येताना मला मिठी मारली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी चहाही पाजला नव्हता.

जुन्या आश्रयदात्यांच्या वारसांना बातमी लागली तेव्हा ते भेटायला आले. आमच्या आजोबांचं अक्षर अर्धा इंच आणि यांचं वीतभर, हे कसं? मी म्हणालो, तुमच्या आजोबांचे एकशे एक आजच्या भावानं काढले तरी... तेव्हा त्यातल्या एका नातवानं सोन्याचा जुना भाव काढला, खजिनदारांनी नवा सांगितला, आणि संध्याकाळ सोन्यावर गेली.

पाटी खोदणारा कारागीर तालुक्याच्या बाहेर, स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसतो. तो जागा हेरून बसलेला आहे. त्याच्याकडे दोनच तऱ्हेचं काम येतं : देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं आणि समाधीवर गेलेल्यांची. संगमरवराच्या फरशीवर आधी तो खडूनं ओळी मारतो, त्यावर पेन्सिलीनं अक्षर काढतो, मग छिन्नी नि छोटी हातोडी घेऊन बसतो. तोंडानं फुंकर मारत पांढरी भुकटी उडवतो आणि शेवटी खाचांत काळा ऑइलपेंट भरून वरचं चिंधीनं पुसून घेतो. दर अक्षरावर. मजकूर मीच लिहून नेला होता, त्यात 'स्मृतिप्रीत्यर्थ' हा शब्द होता. त्यानं बोटं मोडून मोजलं.

"स्मृ, ति, प्री, त्य, र्थ. पाच. रफाराचं अर्धं अक्षर येगळं. साडेपाच."

"रफार हे स्वतंत्र अक्षर नव्हे," मी म्हणालो. "तो 'र'च आहे, 'थ'च्या डोक्यावर गेलेला."

"डोक्यावर चढायला मला येगळी शिडी लागती, सर."

जोडाक्षरावर आमची चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं, छिन्नीला जितक्यांदा वळावं लागतं तितकी अक्षरं. माझं म्हणणं, व्याकरणात छिन्नीचा विचार नाही. शेवटी मी 'स्मृतिप्रीत्यर्थ' कापलं. मग प्रश्न आला नावामागच्या उपाधीचा. 'श्रीमती' लिहावं तर तीन अक्षरं, त्यात 'श्री'चा दर दीडपट. त्याच्याकडे छापील दरपत्रक नव्हतं, पण भिंतीवर टांगलेल्या समाध्यांकडे बोट करून तो म्हणाला, "कै. ला आपण पैसे घेत न्हाई. त्ये धरलेलंच असतंय." संस्थेचे पैसे वाचवायची संधी आलेली. नाथीबाई, राजाबाई, सगळी परंपरा डोळ्यांपुढे होती. मी म्हणालो, "घाला." कच्चं चित्र अध्यक्षांना दाखवलं, त्यांनी मजकुरातला एक ऱ्हस्व उकार उगाच दीर्घ केला आणि सही केली. तो मी पुन्हा ऱ्हस्व केला. आबांना मोबाइलवर फोटो पाठवला. त्यांनी चष्मा लावलाच नसावा. उलट निरोप आला : 'आकार ओके.'

उद्घाटनाला मंडप, हलगी, तुताऱ्या, फेटे. सूत्रसंचालन माझ्याकडे. मी घसा साफ करून म्हणालो, "आता आपल्या लाडक्या आबांच्या कैलासवासी मातोश्रींच्या..." आणि तेवढ्यात माइक माझ्या हातातून काढून घेत आबा म्हणाले, "पाटीवरचा पडदा आपण आईच्याच हातनं काढणार हाय. वस्तीवरनं गाडी आलीया."

जीपमधून हिरव्या नऊवारीतल्या, हातात काठी असलेल्या पण ती न टेकणाऱ्या एक म्हातारबाई उतरल्या. आक्का. नव्वदीच्या आसपास. शेतावरच्या वस्तीवर राहतात, गावात येत नाहीत, आणि मी या गावाचा जावई, मूळचा नव्हे. मला कोण सांगणार? मी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदार मंडपाच्या कळकाकडे पाहत होते.

आक्कांनी दोरी ओढली. पडदा अर्ध्यावर अडकला तो भाच्यानं उडी मारून काढला. नोकरीला लागल्यापासून त्यानं संस्थेसाठी केलेलं हे पहिलं काम. मंडप टाळ्यांनी दणाणला. मला वाटलं, आक्कांना वाचता येत नसेल. पण नव्वदच्या दशकात साक्षरतेचे वर्ग गावोगाव भरले होते, त्यात आक्का बसल्या होत्या आणि तेव्हापासून दिसेल ती पाटी वाचायची त्यांना खोड लागली होती. त्यांनी काठीचं टोक पाटीवर ठेवलं आणि अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. नाव बरोबर लागलं. मग काठी पुन्हा मागे आली.

"कै म्हंजी काय वो, मास्तर?"

"कै. म्हणजे..." मी म्हणालो, "ते एक मानाचं..."

"कैलासवासी," पुढच्या रांगेतला सोन्याच्या भावाचा नातू म्हणाला.

"म्हंजी मी गेले?" आक्का म्हणाल्या. मग थोडा विचार करून, "कवा?"

याचं उत्तर सोळाही पानांत नव्हतं. आबांचा चेहरा खडीच्या रंगाचा झाला होता. अध्यक्ष एकदम शेजारच्या पाहुण्याला खासबागेच्या मैदानाबद्दल काहीतरी सांगायला लागले. आक्का मात्र व्यवहाराला पक्क्या. त्यांनी विचारलं, हे पुसून काढायला किती पडतील? मी सांगितलं, खोदलेलं पुसत नाही, पाटीच नवी करावी लागेल. पाटीचे, खोदाईचे पैसे सांगितले.

"मग ऱ्हाऊ द्या की," आक्का म्हणाल्या. "आज ना उद्या लागणारच हाय. दोनदा खर्च कशाला?"

इतकी मोठी टाळी आमच्या वाचनालयात आजवर कुणा साहित्यिकाला पडलेली नाही.

चहाच्या वेळी आक्का हिंडून वाचनालय बघत होत्या. पुस्तकांपेक्षा भिंतीच जास्त. देवघेवीच्या टेबलामागच्या चौकटीपुढे त्या किती वेळ उभ्या राहिल्या ते माझ्या ध्यानातच आलं नाही. आवाज आला तेव्हा उशीर झाला होता.

"एकशे एक रुपय दिलं की आश्रयदाता व्हतंय व्हय? मग ह्यो पाच लाख कशापायी देतुया?"

आबांनी चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कंत्राटदाराच्या नजरेत जेव्हा दुसऱ्याचं इस्टिमेट सापडतं तेव्हा ती जशी होते, तशी झाली. आक्कांनी कनवटीची पिशवी सोडली, शंभराची घडी उलगडली, वर एक रुपयाचं नाणं ठेवलं. कलम चार चालू आहे, देणगी नाकारायचा अधिकार कार्यवाहाला नाही. खजिनदारांनी पावतीपुस्तक काढलं, नावापर्यंत आले आणि पेन उचलून मला हळूच विचारलं, "काय करू? पाटीप्रमाणे लिहू की समोर आहेत त्याप्रमाणे?"

उरलेले अडीच लाख अजून यायचे आहेत. "पाटी बरोबर झाली की देतो," असं आबांनी सांगितलं. काम बघून बिल, त्यात ते चुकीचं काही बोलले नाहीत. पण आक्का नवी पाटी करू देत नाहीत, पैसा वाया जातो म्हणून. तेव्हा पाटी बरोबर व्हायला एकच वाट शिल्लक राहते, आणि तिचा उल्लेख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात करता येत नाही. खजिनदार मला भेटले की आधी आक्कांची तब्येत विचारतात. स्वरात काळजी असते, पण कसली ते मला माहीत आहे. छपराचं काम अर्ध्यावर थांबलं आहे. ललितावर पत्रे आले, इतिहासावर अजून ताडपत्री आहे.

आणि कलम चारचा शेवटचा भाग. आश्रयदात्याला चार पुस्तकं घरपोच, शिपायामार्फत. शिपाई म्हणजे आबांचा भाचा, आक्कांचा नातू. तो पोलीस भरतीची तयारी करतो. सकाळी धावतो, दुपारी वाचनकक्षात पंख्याखाली झोपतो, आणि स्वतःच्या आजीला पुस्तक नेऊन द्यायचं म्हटलं की त्याला लाज वाटते. त्यामुळे पिशवीत चार पुस्तकं घालून स्कूटरवर वस्तीवर मी जातो. आक्कांनी मोतीबिंदू काढून घेतलाय. बोट ओळीखाली ठेवून वाचतात आणि पुढच्या खेपेला निकाल सांगतात. कवितांची पुस्तकं परत : "कागद लई मोकळा सोडलाय, पैसं पुरं घेतलं आसतील." आत्मचरित्रं परत : "समद्यांनीच सोसलंया, मग सोसायला लावलं कुणी?" मरणाबिरणाचं आणू नका अशी ताकीद आहे, ते पाटीवर आहेच म्हणतात. एकदा माझं सोळा पानी पत्रकही त्यांनी वाचून ठेवलेलं दिसलं. केतकरांचं पान दुमडलेलं होतं.

परवा चहा पिऊन उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, ही बारकी बारकी पुस्तकं दोन दिसांत उडत्यात. ह्या खेपेला जाड आणा. आन् तुमच्या त्या खजिनदाराला सांगा, सारखं सारखं माझं काय इचारतुया? हातातलं वाचून झाल्याबिगर मी कुठं जात न्हाई."

मी ज्ञानकोशाचे पहिले चार खंड काढले, धूळ झटकली आणि नोंदवहीत लिहिले. खजिनदार शेजारीच वर्गणीचा हिशेब मांडत बसले होते. त्यांनी नोंद वाचली, चष्मा कपाळावर सरकवला.

"एकूण खंड किती हो याचे?"

"तेवीस," मी म्हणालो.